३० लिटरचे पातेले आणि पिशवीतले माल्ट : स्पार्जिंग करावे की सगळे पाणी एकदम घ्यावे?

यारातीर (मेलबर्न)

नमस्कार मंडळी. मी आजवर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, तयार अर्क वापरून घरी बिअर करत आलो आणि आता पिशवी पद्धतीने, म्हणजे भरडलेले माल्ट पिशवीत घालून एकाच पातेल्यात मॅश करून (गरम पाण्यात भिजवून साखर उतरवून), पेल एल ही फिकट बिअर करायचे ठरवले आहे. माझ्याकडे ३० लिटरचे स्टीलचे पातेले, गॅसची शेगडी आणि पडद्याच्या तलम पॉलिएस्टर कापडाची शिवून घेतलेली पिशवी आहे. घर भाड्याचे असल्यामुळे छताला हुक लावता येत नाही.

मला फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, १९ लिटर वर्ट (माल्टचे न आंबवलेले गोड पाणी) हवे आहे आणि त्याची सुरुवातीची घनता १.०५० (पाण्याची १.०००) असावी, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी ५ किलो माल्ट धरले आहे. साधे पाणी तासभर उकळून पाहिले, तेव्हा माझ्या शेगडीवर साडेतीन लिटर पाणी आटले. पातेल्याच्या तळाशी हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि गाळ यांच्यासह २ लिटर राहतील असे मानतो. माल्ट दर किलोमागे साधारण ०.७ लिटर पाणी धरून ठेवते, म्हणजे ५ किलोला साडेतीन लिटर. या सगळ्याची बेरीज २८ लिटर होते.

अडचण अशी आहे की ५ किलो माल्ट स्वतःही सुमारे ३.३ लिटर जागा व्यापते, म्हणजे मॅशच्या वेळी ३१ लिटरच्या वर जाते आणि पातेले ३० लिटरचेच आहे. अशा वेळी थोडे पाणी बाजूला ठेवून नंतर त्याने माल्ट खंगाळावे का, म्हणजेच स्पार्ज करावे का, आणि करायचे तर किती पाण्याने व किती तापमानाला? खर्च करायचा झाला तर ८० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत करायचा आहे.

जर्सीकर

तुमची बेरीज बरोबर आहे, पण तुम्ही चुकीच्या भांड्यावर मेहनत घेत आहात, असे मला मनापासून वाटते. मी दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारे, पंप आणि आतली जाळीची टाकी असलेले एकत्रित यंत्र घेतले आणि तेव्हापासून पाण्याचा हिशेब करणे हा प्रकारच माझ्या घरातून हद्दपार झाला आहे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती किलो माल्टला मॅशचे किती पाणी आणि स्पार्जचे किती पाणी याचे कोष्टक असते. आतली टाकी उचलून कडेवर टेकवायची आणि वरून गरम पाणी ओतायचे, की झाले. माझी कार्यक्षमता, म्हणजे माल्टमधल्या साखरेपैकी हाती येणारा वाटा, ८० टक्क्यांच्या खाली कधी येत नाही. चारपाचशे डॉलर एकदाच जातात, पण दहा वर्षांचा प्रश्न मिटतो.

आणि मॅश इतका पातळ का करता? आमच्याकडची जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे दर किलो माल्टला २.६ लिटर पाणी. त्या हिशेबाने तुमच्या मॅशला १३ लिटर पुरतात आणि उरलेले १५ लिटर स्पार्जला राहतात. मग ३० लिटरच्या पातेल्यात भरपूर जागा उरते.

हॉप्सवेडा (सिडनी)

जर्सीकर, धागाकर्त्यांनी ८० डॉलर म्हटले आहे. २.६ लिटरचे प्रमाण हे जाळीचा खोटा तळ असलेल्या स्वतंत्र मॅश टाकीसाठी रूढ झाले. तिथे एका टाकीत माल्ट भिजते आणि दुसऱ्या टाकीतून त्यावर पाणी सोडले जाते. पिशवी पद्धत आपल्या ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली, तीच मुळी एक भांडे, एक पिशवी आणि सगळे पाणी एकदम या विचारातून. स्पार्ज टाळता यावे हाच तिचा हेतू होता.

आता स्पार्जने नेमके काय मिळते ते पाहू. साध्या पेल माल्टमधून, सगळी साखर निघाली असे मानले तर, दर किलोमागे ३०० अंश मिळतात, म्हणजे एक किलो माल्टची साखर एका लिटरमध्ये उतरली तर घनता १.३०० होईल असा त्याचा अर्थ. तुमच्या ५ किलोंचे १५०० अंश झाले. बिनस्पार्जच्या पिशवीत ७० टक्के कार्यक्षमता सहज मिळते, म्हणजे १०५० अंश, आणि उकळून उरलेल्या २१ लिटरला भागले की बरोबर १.०५० येते. स्पार्ज करून समजा ७५ टक्के मिळाले, तर तेवढेच काम ४ किलो ६७० ग्रॅम माल्टमध्ये होईल. म्हणजे इतके पाणी तापवणे, ओतणे, निथळणे हा सगळा खटाटोप सव्वातीनशे ग्रॅम माल्ट वाचवण्यासाठी आहे. व्यावसायिक कारखान्यात टनावारी माल्ट लागते, तिथे या पाच टक्क्यांना मोल आहे. घरी मूठभर माल्ट जास्त टाकावे आणि मोकळे व्हावे.

त्यापेक्षा भरड बारीक करून घ्या. दुकानातली गिरणी साधारण १.२ मिलिमीटर अंतरावर लावलेली असते, कारण जाळीच्या तळावर सालपटे अखंड राहिली नाहीत तर निचरा अडतो. पिशवीत कापडच गाळणी असल्यामुळे ही भीती फारशी नाही. ०.८ मिलिमीटरवर दळून मागा. माझ्या अनुभवात स्पार्जपेक्षा या एका बदलाने जास्त फरक पडला. आणि पिशवी बाहेर काढल्यावर तिला चक्क्याच्या फडक्यासारखी पीळ देऊन व्यवस्थित पिळा.

म्युनिकनिवासी

पिशवी पिळण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. पिळल्यामुळे सालपटांतले टॅनिन उतरतात आणि बिअरला चहाचा चोथा चावल्यासारखी तुरट चव येते. इथल्या ब्रुअरीत माल्टच्या थरातून वर्ट किती संथपणे आणि स्वच्छ गाळून घेतात, ते मी पाहिले आहे. पहिले गढूळ वर्ट पुन्हा वर फिरवतात, थराला धक्का लागू देत नाहीत, आणि तुम्ही पिळायला सांगता? शिवाय पिळलेले वर्ट गढूळ असते, तो सगळा पिठूळ गाळ उकळीत जातो. धागाकर्त्यांनी शांतपणे स्पार्ज करावे आणि पिशवी तिच्या वजनाने निथळू द्यावी.

हॉप्सवेडा (सिडनी)

टॅनिन दाबाने उतरत नाहीत. ते उतरतात सामू (pH) वाढला की, आणि त्यात तापमानही चढले तर आणखी. मॅशचा सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असेल, तर पिशवी दोन्ही हातांनी पिळली तरी तुरटपणा येत नाही. तुम्ही स्पार्ज सुचवता आहात, त्यातच खरा धोका जास्त आहे, कारण वरून साधे पाणी ओतत गेले की माल्टमधली आम्लता धुतली जाते, सामू ६ च्या वर सरकतो आणि त्यात पाणी ७७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर टॅनिन नक्की येतात. गढूळपणाचे म्हणाल तर तो उकळीत आणि फर्मेंटरच्या तळाशी बसतो. माझी बिअर काचेसारखी स्वच्छ असते.

टेम्सपार (लंडन)

दोघांच्याही बोलण्यात पाणी कुठले आहे हा मुद्दा राहून गेला. आमच्या लंडनच्या नळाचे पाणी कठीण आहे, त्यात बायकार्बोनेट इतके असते की किटलीत आठवडाभरात पांढरा थर धरतो. अशा पाण्यात सगळे २८ लिटर एकदम घेतले, तर ५ किलो फिकट माल्टला तेवढ्या पाण्याची अल्कता (आम्लता मारण्याची ताकद) मोडून काढता येत नाही आणि मॅशचा सामू ५.८ च्या आसपास अडकून बसतो. पातळ मॅशची खरी अडचण ही आहे, कारण पाणी जास्त म्हणजे अल्कताही जास्त. मी लॅक्टिक आम्ल थेंबाथेंबाने घालून सामू खाली आणतो आणि स्पार्जच्या पाण्यातही घालतो. मी स्वतः स्पार्ज करतोच, माझी कार्यक्षमता त्यामुळे ७८ टक्क्यांपर्यंत जाते आणि तुम्हीही करावे असे मी म्हणेन.

म्युनिकनिवासी, तुमच्याकडचे पाणीही आमच्यासारखेच चुनखडीचे आहे ना?

म्युनिकनिवासी

आहे. म्हणूनच इथे पूर्वीपासून गडद माल्टची बिअर जास्त चांगली जमत आली. भाजलेल्या माल्टची आम्लता पाण्याच्या अल्कतेला तोलून धरते. बव्हेरियातल्या १५१६ च्या शुद्धतेच्या नियमाच्या (बिअरमध्ये ठरावीक घटकांखेरीज काही घालायचे नाही) परंपरेतले ब्रुअर थेट आम्ल ओतत नाहीत, ते मॅशमध्ये थोडे आंबवलेले माल्ट घालतात. मी घरीही तेच करतो आणि एकूण माल्टच्या तीन टक्क्यांनी माझे काम होते. टॅनिनबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

दुसरी उकळी (अ‍ॅडलेड)

वर कोणी म्हटले नसेल तर मी म्हणते, पातेले मोठे घ्या. सगळ्या चर्चेचे मूळ पातेल्याच्या मापात आहे. ५० लिटरचे पातेले घेतले की स्पार्ज हवे की नको हा प्रश्न पडतच नाही, २८ लिटर काय नि ३५ काय, सगळे एका वेळी मावते. शिवाय तुमच्या पातेल्यात उकळी येण्याच्या वेळी साडेचोवीस लिटर असणार, तापल्यावर ते आणखी फुगते, हॉप्स पडले की फेस वर येतो आणि ३० लिटरमध्ये नजर हलली की वर्ट उतू जाते. गॅसच्या शेगडीवर सांडलेले वर्ट जळून काळे होते, ते खरवडताना जीव नकोसा होतो.

माझी एक तक्रारही लिहून ठेवते. एका दुकानातून तयार शिवलेली पिशवी घेतली होती. भिजलेल्या माल्टसकट उचलताना तिचा उचलायचा एक पट्टा शिवणीतून सुटला आणि निम्मे माल्ट वर्टमध्ये पडले. ते चाळणीने उपसण्यात तास गेला. तेव्हापासून मी पट्टा पिशवीच्या तळाखालून पूर्ण फिरवून शिवते, म्हणजे वजन कापडावर न येता पट्ट्यावर येते. ५ किलो माल्ट भिजून बाहेर येते तेव्हा ते साडेआठ किलोंच्या वर असते आणि सुरुवातीला निथळत असताना त्याहूनही जड. तुमच्याकडे हुक नाही, तेव्हा हे आधी बघा. पातेल्यावर ओव्हनची जाळी आडवी ठेवून तिच्यावर पिशवी टेकवली तरी चालते.

एक मोजमापाचीही गोष्ट आहे. उकळते पाणी थंड पाण्यापेक्षा चार टक्के जास्त जागा घेते. पट्टीने पातेल्यात मोजता तेव्हा ते गरम आहे की थंड हे लिहून ठेवत जा, नाही तर २१ लिटर म्हणून थांबाल आणि थंड झाल्यावर २० लिटरच हाती येतील.

उरलेला चोथा टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवून दळला की भाजणीत पाव हिस्सा मिसळून थालीपीठ फार खमंग होते.

कोथरूडचा पाहुणा

मी पुण्यात राहतो. इथे घरी असा प्रयोग करता येतो का, आणि माल्ट कुठून आणावे?

टेम्सपार (लंडन)

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते घरात पिण्यापुरते असले तरी. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर ती करमुक्त झाली. तिथेही विकता येत नाही. पुण्यात हे करू नका, एवढेच सांगेन.

जर्सीकर

त्या अमेरिकी कायद्यात घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे आणि राज्यांचे नियम वेगळे असतात, हे जोडतो. आता मूळ विषयावर येतो. यंत्र घ्यायचे नसेल तर दुसरा मार्ग सांगतो. मॅश पातेल्यात मावेल तेवढ्याच पाण्यात करा, स्पार्ज अजिबात करू नका आणि उकळून गार केल्यावर फर्मेंटरमध्ये आधी उकळून थंड केलेले पाणी वरून घालून १९ लिटर करा. माझा शेजारी वर्षानुवर्षे हेच करतो. फक्त दाट वर्ट पिशवीतल्या ओल्या माल्टबरोबर जास्त वाया जाते, म्हणून माल्ट थोडे अधिक लागेल. तरीही यंत्राचा विचार करा.

यारातीर (मेलबर्न)

सर्वांचे आभार. काही खुलासे करतो. मोठे पातेले किंवा यंत्र घेण्याचा विचार नाही, कारण पैशांइतकीच जागेचीही अडचण आहे आणि माझी शेगडी २५ लिटरलाच उकळी आणताना मेटाकुटीला येते. मेलबर्नचे पाणी मृदू आहे. त्यातले बरेचसे यारा पर्वतरांगांतल्या राखीव जंगलांच्या पाणलोटातून आणि थॉमसन धरणातून येते आणि त्यात क्षार फारच थोडे असतात. मग टेम्सपार यांनी सांगितलेली सामूची अडचण मला पातळ मॅशमध्ये येईल का? आणि स्पार्ज केलेच तर तपशीलवार कसे करावे, हे कोणी क्रमाने सांगेल का?

टेम्सपार (लंडन)

तुम्ही सुदैवी आहात. मृदू पाण्यात अल्कता जवळजवळ नसते, त्यामुळे २८ लिटर एकदम घेतले तरी सामू फारसा चढणार नाही आणि स्पार्जच्या पाण्यानेही चढणार नाही. उलट तुमच्या पाण्यात कॅल्शियम कमी पडेल. मॅशला समजा २३ लिटर पाणी घेतले आणि त्यात ५ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातले, तर दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. त्याने सामू थोडा खाली येतो आणि हॉप्सचा कडवटपणा कोरडा व स्पष्ट लागतो, पेल एलला ते शोभते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून सगळ्या पाण्यात आधी टाका, एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते. ही गोष्ट स्पार्जच्या पाण्यालाही लागू आहे, ते पाणी लोक विसरतात.

हॉप्सवेडा (सिडनी)

मी स्पार्जच्या बाजूचा नाही, तरीही विचारलेच आहे तर नीट सांगतो. २८ पैकी २३ लिटर पातेल्यात घ्या आणि ५ लिटर वेगळे ठेवा. २३ लिटरमध्ये ५ किलो माल्ट घातले की २६ लिटरच्या थोडे वर जाते, ढवळायला जागा राहते. मॅश ६७ अंशांना हवा आहे आणि माल्ट खोलीच्या तापमानाचे, म्हणजे १८ अंशांचे आहे, असे मानले तर माल्ट घालण्यापूर्वी पाणी साडे-एकाहत्तर अंशांना असावे. माल्ट घालताना गुठळ्या मोडत राहा, कोरडी गुठळी राहिली तर तिच्यातली साखर गेलीच समजा. गॅस चालू असेल तर पिशवी तळाला टेकू देऊ नका, कापड वितळते. तळाशी एक उलटी ताटली किंवा जाळी ठेवावी. पातेल्याला जुनी रजई गुंडाळून तासभर ठेवा.

मग पिशवी उचलून जाळीवर टेकवा आणि बाजूला ठेवलेले ५ लिटर पाणी ७५ अंशांना तापवून तांब्याने हळूहळू सगळीकडून ओता, एकाच जागी नाही. एका जागी ओतले तर पाणी तिथे वाट करून खाली निघून जाते आणि बाकीचे माल्ट तसेच राहते. याहून बरे म्हणजे वेगळ्या बादलीत ते ५ लिटर घेऊन पिशवी तीत दहा मिनिटे बुडवायची, माल्ट हलवायचे, पुन्हा निथळायचे आणि बादलीतले पाणी पातेल्यात ओतायचे. बादली अन्नासाठी चालणाऱ्या आणि उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची हवी. आणि नंतर पिळा.

दुसरी उकळी (अ‍ॅडलेड)

पाणी तापवण्याचीही गरज नाही. मी नळाच्या थंड पाण्याने खंगाळते आणि घनतेत मला फरक दिसलेला नाही, कारण साखर आधीच विरघळलेली असते, फक्त ती धुवून काढायची असते. उकळी यायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच. पण माझे मत पातेले मोठे घ्या हेच आहे.

म्युनिकनिवासी

थंड पाण्याने स्पार्ज हे मी पहिल्यांदाच ऐकतो आहे आणि मी ते करणार नाही. गरम पाण्याने वर्ट पातळ राहते आणि लवकर निथळते, हे तर उघड आहे. बादलीत बुडवण्याची पद्धत मात्र मला पटली. तिच्यात माल्ट सारखे ओले होते.

यारातीर (मेलबर्न)

सगळे वाचून, कागदावर आकडे पुन्हा मांडून मी निर्णय घेतला आहे. हॉप्सवेडा यांचा माल्टचा हिशेब आणि टेम्सपार यांची पाण्याची माहिती या दोन्हींचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला, पण मी मोठे पातेले घेत नाही, बाहेरून पाणी मिसळत नाही आणि स्पार्जही करत नाही. मी बिअरच कमी करणार आहे.

फर्मेंटरमध्ये १५ लिटर, तळाशी २ लिटर, आटणारे साडेतीन लिटर, आणि ४ किलो माल्टला लागणारे २.८ लिटर अशी बेरीज २३.३ लिटर होते. माल्टची जागा २.७ लिटर धरली तर मॅशच्या वेळी पातेल्यात २६ लिटर असतील. उकळी सुरू होताना साडेवीस लिटर राहतील, म्हणजे उतू जाण्याची भीतीही बरीच कमी होईल. ७० टक्के कार्यक्षमतेने ४ किलोंचे ८४० अंश होतात आणि १७ लिटरला भागून १.०४९ येते, हे मला चालते. ४ लिटर बिअर कमी मिळेल, पण चार किलोंची पिशवी मला एकट्याला हुकाशिवाय उचलता येते, हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. ८० डॉलरमधून भरोशाचा तापमापक, अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि जिप्सम घेतो. पिशवीचा पट्टा तळाखालून फिरवून घेण्याची सूचना आजच अमलात आणली आहे. भरड ०.८ मिलिमीटरवर मागवली आहे.

जर्सीकर

१५ लिटर म्हणजे आमच्याकडे मित्र आले तर दोन शनिवारही पुरणार नाहीत. तुमची मर्जी.

हॉप्सवेडा (सिडनी)

हिशेब चोख आहे. पाणी आता माल्टच्या मानाने जास्त आहे, म्हणून सुरुवातीचे तापमान साडेसत्तर अंश पुरेल, साडे-एकाहत्तर नको. जिप्सम २३ लिटरच्याच हिशेबाने ५ ग्रॅम ठेवा. हॉप्स १५ लिटरच्या प्रमाणात कमी करा, पण कोरड्या यीस्टचे ११.५ ग्रॅमचे पाकीट अर्धे वाचवत बसू नका, पूर्ण घाला. आणि माल्ट काढल्यावर, उकळी येण्याआधी, घनता मोजून ठेवा. साडेवीस लिटरला १.०४१ च्या आसपास आली, तर ७० टक्के मिळाले असे समजा. कमी आली, तर पुढच्या वेळी माल्ट दोनशे ग्रॅम वाढवा.